एका संयोगचिन्हाचा अर्थ

श्रावणातील एका शनिवारी संपर्कसत्रासाठी मी नाशिकहून जव्हारला निघाले होते. त्र्यंबकेश्वर मागे पडले की काही वेळाने तोरंगणचा घाट लागतो. घाट उतरताना घाटमाथ्यावरचा मुलूख सरतो आणि मोखाडा तालुक्याचा डोंगराळ प्रदेश सुरू होतो. त्या सकाळी पाऊस नुकताच थांबला होता. दोन्ही अंगांना लावणी झालेली भाताची खाचरे, उतारांवर नागलीचे आणि वरईचे हिरवे पट्टे, आणि रस्त्याच्या कडेला टोपलीत करटुली घेऊन बसलेल्या बाया. मोखाड्यानंतर वळणावळणांचा रस्ता पुन्हा चढू लागतो आणि पाऊणएक तासात जव्हार येते.

जव्हार हे एका पठारावर वसलेले लहानसे गाव आहे. गावाच्या कडेला उभे राहिले की जमीन एकदम खाली उतरते. पावसाळ्यात या दऱ्या सकाळी धुक्याने काठोकाठ भरतात, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरचे हे गाव पांढऱ्या पाण्यातील बेटासारखे दिसू लागते. मुंबई आणि नाशिक या दोन्ही शहरांतून माणसे सुट्टीच्या दिवशी येथे येतात ती या दृश्यासाठी. बेटावर गेलेल्या माणसाला आपण नेहमीच्या जगापासून तुटलो आहोत, असे काही काळ वाटते. ते सुख त्याला हवे असते.

गावात शिरताना एक फलक दिसला : ‘मिनी महाबळेश्वर’. अलंकारांचा घटक आपण अभ्यासला असेल, तर उपमेय आणि उपमान यांचे नाते आपणांस ठाऊक आहे. उपमेयाची ओळख पटावी म्हणून उपमान आणायचे असते. येथे मात्र उपमानाने उपमेयाची जागाच घेतली आहे. महाबळेश्वराच्या मापाने मोजले की जव्हार आपोआप लहान होते, आणि जव्हारचे जे महाबळेश्वरात नाही ते दिसेनासे होते.

पाहण्यासारखे येथे पुष्कळ आहे. गावाबाहेर टेकडीवर, झाडीत उभा असलेला जयविलास राजवाडा आहे. हा राजवाडा राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळातला. हनुमान पॉईंट आहे, सनसेट पॉईंट आहे. जयसागर आणि खडखड ही धरणे आहेत. गावापासून काही अंतरावर दाभोशाचा धबधबा सुमारे तीनशे फूट खाली कोसळतो. काळमांडवीचा धबधबा आहे, भूपतगड आहे. मोखाडा तालुक्यात सूर्यमाळ आहे, देवबांधचा गणपती आहे. तारप्याच्या सुरावर फेर धरणारा नाच आणि भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटलेली वारली चित्रे तर आता जगभर पोहोचली आहेत.

भाषेच्या अभ्यासकाला स्थळांपेक्षा स्थळांची नावे अधिक खुणावतात. सनसेट पॉईंटजवळच्या दरीचा आकार धनुष्यासारखा आहे, म्हणून स्थानिक लोक त्या जागेला पूर्वी ‘धनुकमळ’ म्हणत. हनुमान पॉईंटचे जुने नाव ‘कात्या मारुती’. सूर्यास्त कोणत्याही गावात होतो. पण दरीचा धनुष्यासारखा बाक या एकाच जागेचा आहे. ‘धनुकमळ’ हा शब्द ऐकणाऱ्याला ती दरी डोळ्यांपुढे उभी करता येते. ‘सनसेट पॉईंट’ या शब्दाने त्याला फक्त किती वाजता यायचे एवढेच कळते.

‘शिरपामाळ’ हे नाव त्याहून गुंतागुंतीचे आहे. १६६४ च्या सुरत मोहिमेवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला होता. जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत केले आणि मानाचा शिरपेच अर्पण केला, म्हणून हा ‘शिरपामाळ’, असे सांगतात. व्युत्पत्ती म्हणून ही जोडणी तपासावी लागेल, कारण ‘शिरपा’ हे श्रीपती या नावाचे खेड्यांतून रूढ असलेले रूपही आहे. शब्दाचा मूळ अर्थ विसरला गेला की लोक त्यात आपल्याला प्रिय असलेला अर्थ भरतात. त्यालाच आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो. ती शास्त्रीय कसोटीवर उतरली नाही तरी निरर्थक नसते. कोणती आठवण जपायची हे लोकांनी ठरवलेले असते, आणि ते तिच्यातून कळते. पुढे १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी हेच जव्हार जिंकून घेतले. त्या घटनेच्या नावाचा माळ येथे नाही.

जव्हारच्या राज्याची मूळ कथाही शब्दाचीच कथा आहे. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये ती नोंदवलेली आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी हा मुलूख एका वारली नायकाच्या ताब्यात होता. थळ घाटाजवळच्या मुकणे येथील पौपेरा ऊर्फ जायबा हा महादेव कोळी सरदार त्याच्याकडे आला आणि त्याने बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. वारली नायकाने होकार दिला. जायबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकीला एक जोडल्या आणि त्यांचा वेढा घालून नायकाचे ठाणेच आत घेतले. नायकाला गंभीरगडाचा परिसर देण्यात आला. जव्हार जायबाचे झाले. त्याचा मुलगा नेमशहा याला दिल्लीच्या सुलतानाकडून राजा हा किताब मिळाला. ५ जून १३४३ हा तो दिवस, आणि त्या दिवसापासून संस्थानात स्वतंत्र शक मोजला जाई. मुकणे घराण्याचे हे राज्य १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकले. १९१८ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली होती, हे आजच्या शांत बाजारपेठेकडे पाहून खरे वाटत नाही. जायबाच्या आडनावाची खूणही पुसलेली नाही. ‘पोपेरे’ हे आडनाव महादेव कोळी समाजात आजही आहे, आणि मुकणे हे गाव इगतपुरी तालुक्यात आहे.

कातड्याच्या वाद्यांची ही युक्ती जव्हारपुरती नाही. भूमध्य समुद्राच्या काठी कार्थेज वसवणाऱ्या डायडो राणीबद्दल हीच गोष्ट सांगतात. लोककथा अशा प्रवास करतात, हे अभ्यासकाला नवे नाही. मला या कथेत वेगळेच काही दिसते. वारली नायकाने लढाई हरलेली नाही. ‘मावणे’ या क्रियापदाचा अर्थ त्याने नेहमीचा घेतला, समोरच्याने तो ताणला, आणि एवढ्या एका शब्दाने त्याची भूमी गेली. शब्दाचा अर्थ कोणी ठरवायचा, हा प्रश्न केवळ कोशकारांचा नसतो.

आता शीर्षकातील संयोगचिन्हाकडे वळते. गावाला नाव एक असते. या प्रदेशाला दोन आहेत. पर्यटकांसाठी ते ‘जव्हार’ आहे. वर्तमानपत्रांत मात्र ते बहुधा ‘जव्हार-मोखाडा’ असे येते. दोन तालुक्यांची नावे, मध्ये एक आडवी रेघ. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, आणि तेव्हापासून हा जोडशब्द भुकेचा वाचक बनला. २०१६ मध्ये त्याच कारणासाठी तो पुन्हा मथळ्यांत आला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, तरी जोडशब्द बदलला नाही.

आपल्या व्याकरणाच्या घटकात द्वंद्व समासाचे तीन प्रकार आहेत. ‘आईबाप’ हा इतरेतर द्वंद्व. त्यात दोघेच असतात. ‘खरेखोटे’ हा वैकल्पिक. तिसरा समाहार द्वंद्व. त्यात दोन पदांच्या अर्थाबरोबरच त्याच जातीच्या इतर गोष्टींचाही समावेश होतो. मीठभाकर, अंथरूणपांघरूण, भाजीपाला ही त्याची नेहमीची उदाहरणे. ‘जव्हार-मोखाडा’ हा नकाशावर इतरेतर द्वंद्व आहे : जव्हार आणि मोखाडा. वर्तमानपत्रात तो समाहार द्वंद्व होतो : जव्हार, मोखाडा, कुपोषण, टँकर, वीटभट्ट्यांवरचे स्थलांतर वगैरे. ‘वगैरे’ या एका अव्ययात किती माणसे बसतात, याचा हिशेब व्याकरण ठेवत नाही. तो मीही पुष्कळ वर्षे ठेवला नव्हता.

१९९३ च्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा या भागात आले. पीएच.डी.साठी बोलींचे नमुने गोळा करायचे होते. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात वारली बोलीची नोंद मी वाचली होती, आणि नऊ दशकांत त्या बोलीत काय बदलले हे मला पाहायचे होते. खांद्याला ध्वनिमुद्रक, पिशवीत कोऱ्या कॅसेट, वही आणि सुकी बॅटरी. वावर-वांगणीच्या बातम्या मी वाचल्या होत्या. तरी आपला विषय भाषा हा आहे, अशी मनाशी एक सीमा आखून मी आले होते.

मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर एक आजी भेटल्या. ‘पाडा’ हा येथील महत्त्वाचा शब्द आहे. कागदावर असते ते गाव; माणसे राहतात ती पाड्यांवर. गावापर्यंत रस्ता पोहोचला असे कागद सांगतो, तेव्हा पुढचा पाडा ओढ्यापलीकडे असतो. आजींच्या ओटीवर बसून मी त्यांना रानभाज्यांची नावे विचारली. त्यांनी विनासायास नावे सांगितली, आणि प्रत्येक नावापुढे ती भाजी कशी करायची तेही. शेवळ्यात काकडाचे फळ घालावे लागते, नाहीतर घसा खाजतो. टाकळा कोवळा असतानाच खुडायचा. बांबूच्या कोंबांना त्या ‘वास्ते’ म्हणत. शेवटी त्यांनी कडूकंद सांगितला. तो चिरून राखेच्या पाण्यात उकडायचा, मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा. एवढे केल्यावर तो पोटात घालण्यासारखा होतो. त्या दिवशी त्यांनी मला तो खायलाही दिला. घरात आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचे नाही, या रीतीने दिला. मी वहीत लिहिले : ‘चव कडसर. प्रक्रिया रोचक.’

त्याच पानावर खाली आणखी एक नोंद आहे : ‘ध्वनिफीत ७, बाजू अ. मागे मूल सतत रडत असल्याने व्यत्यय. ध्वनिविश्लेषणास अयोग्य, शब्दसंग्रहासाठी उपयुक्त.’

प्रबंध पूर्ण झाला. परिशिष्टात आजींनी सांगितलेले शब्द वर्णानुक्रमे लावले : करटुली, कुर्डू, टाकळा, भारंगी, वास्ते, शेवळे. प्रबंधाला पदवी मिळाली. नोकरी लागली, कॅसेट कपाटात गेल्या, पुढे कोणीतरी त्या संगणकावर उतरवून दिल्या. वर्गात बोलीचा नमुना म्हणून मी सातव्या ध्वनिफितीचा उपयोग अनेकदा केला. नाशिकच्या विद्यार्थ्यांनी तो ऐकला, पुण्यातल्या चर्चासत्रात प्राध्यापकांनी ऐकला. उच्चारांविषयी प्रश्न आले. मी उत्तरे दिली.

जव्हारच्या संपर्कसत्राला त्या दिवशी वीसेक विद्यार्थी होते. मुक्त शिक्षणाचा वर्ग म्हणजे काय, हे आपण जाणताच. कोणी आश्रमशाळेतील शिक्षक, कोणी एस.टी.चा वाहक, कोणी पंचायतीत शिपाई. नोकरी, शेती आणि मुले सांभाळून पदवीचे राहिलेले वर्ष पूर्ण करणारी माणसे. मोखाडा तालुक्यातील एक अंगणवाडी सेविका मागच्या बाकावर बसल्या होत्या. मी ध्वनिफीत लावली आणि बोलीची वैशिष्ट्ये टिपायला सांगितली. पाच मिनिटांनी फीत संपली. कोणी ‘ळ’च्या उच्चाराविषयी बोलले, कोणी क्रियापदांच्या प्रत्ययांविषयी. मग त्या उठल्या.

“मॅडम, मागं रडतंय ते पोर केवढं होतं?”

“दीड-दोन वर्षांचे असेल. त्याच्यामुळे ध्वनिमुद्रण थोडे बिघडले आहे. तिकडे लक्ष देऊ नका.”

“लक्ष कसं जाणार नाही, मॅडम? हे हट्टाचं रडणं नाही. पोटात अन्न असलेलं पोर जोरात रडतं, थांबतं, कोणी बघतंय का बघतं, पुन्हा रडतं. हे नुसतं कण्हत राहिलंय. असं पोर आलं की आम्ही आधी दंडाला पट्टी लावतो.”

वर्ग शांत झाला. मी फीत पुन्हा लावली. तीस वर्षे मी आजींचा आवाज ऐकत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी मागचा आवाज ऐकला. तो एका सुरात, न वाढता, न थांबता चालू होता. आजी मधूनमधून बोलायच्या थांबत होत्या. त्या ठिकाणी मी माझ्या प्रतिलेखनात ‘विराम’ अशी खूण केली होती. त्या थांबत होत्या त्या मुलाकडे पाहण्यासाठी.

सेविका पुढे म्हणाल्या, “आणि मॅडम, आजीनं भाज्यांची यादी नाही सांगितली. धान्य संपल्यावर कोणत्या पंधरवड्यात काय खायचं, ते ओळीनं सांगितलंय. आमच्याकडं भात होळीपर्यंत पुरला तर पुरला. मग पाऊस पडला की आधी शेवळं येतात, मग टाकळा-कुर्डू, मग वास्ते. काहीच नसलं तर कडूकंद. दसऱ्याला हळवं भात आणि नागली येईस्तोवर असंच काढायचं. त्या शेवटी कडूकंदाचं बोलल्या ना? तेव्हा घरात तेवढंच असणार.”

त्या घरात तेवढेच होते, आणि त्यातले त्यांनी मला वाढले होते.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे मी कधी विचारले नाही. आजींना मी पुन्हा भेटले नाही. तेव्हा मी डॉक्टरांना बोलावू शकले असते का, काही झाले असते का, याची उत्तरे आता शोधून उपयोग नाही. पण एक गोष्ट माझ्या विषयाच्या आतली आहे, आणि तिच्यापुरती मला सबब नाही. आजींनी एक कालानुक्रम सांगितला होता. मी तो मोडून त्याचा वर्णानुक्रम केला. त्यांच्या वाक्यांचा अर्थ मी माझ्या सोयीने ठरवला. जायबाने कातड्याच्या वाद्या निदान उघडपणे कापल्या होत्या.

सत्र संपल्यावर त्या मला सूर्यास्त दाखवायला घेऊन गेल्या. पर्यटकांची गर्दी होती. मक्याची कणसे भाजणाऱ्यांपाशी रांग लागली होती. “माझे सासरे अजून धनुकमळच म्हणतात,” त्या सहज म्हणाल्या. मी त्यांना विचारले, की हे सगळे पाहून राग येत नाही का? ऑगस्टमध्ये आता ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात. ज्या भाज्या आजींनी धान्य संपल्यावरच्या म्हणून सांगितल्या, त्या शहरातली माणसे हौसेने विकत घेतात.

त्यांना माझा प्रश्न पुस्तकी वाटला असावा. “राग कशाचा? माझी वहिनी दाभोशाच्या रस्त्याला वास्ते आणि करटुली विकते. रविवारी चार पैसे येतात. असे पैसे जमले तर दिवाळीनंतर भट्टीवर जायचं एखादं वर्ष टळेल. घरची भट्टीवर गेली की पोरंही जातात, आणि पोरं गेली की आमच्या वजनाच्या वहीत रेघ. परत येतात तेव्हा वजन उतरलेलं असतं. लोक यावेत, मॅडम. बघावं, खावं. फक्त आम्हाला बघून हळहळू नये, आणि न बघता जाऊही नये.”

एवढ्या थोडक्या शब्दांत पर्यटनाविषयी याहून नेमके काही मी वाचलेले नाही. वैतरणेवर बांधलेल्या धरणांतील पाणी मुंबईच्या नळांना जाते, आणि मोखाड्याच्या काही पाड्यांवर चैत्र-वैशाखात बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. जुलैत त्याच रस्त्याने मुंबईची माणसे धबधबा पाहायला येतात. धबधबा खरा आहे, टँकरही खरा आहे. ‘जव्हार’ म्हणणाऱ्याला एक दिसतो, ‘जव्हार-मोखाडा’ म्हणणाऱ्याला दुसरा. येथे बारा महिने राहणाऱ्याला दोन्ही एकाच वर्षात पाहावे लागतात.

निघताना त्यांनी मला बोहाड्याला यायचे निमंत्रण दिले. होळीपासून पाऊस लागेपर्यंत जव्हार-मोखाड्याच्या गावांतून बोहाडा होतो. देवदेवतांचे आणि दैत्यांचे मुखवटे चढवून गावकरी संबळ-पिपाणीच्या तालावर रात्रभर नाचतात. प्रत्येक मुखवट्याचा मान घराण्याकडे चालत आलेला असतो. या मुखवटाधारी रूपाला येथे ‘सोंग’ म्हणतात. आपल्या शहरी मराठीत ‘सोंग’ म्हणजे ढोंग. ‘सोंग घेणे’ हा वाक्प्रचार आपण दोष दाखवण्यासाठी वापरतो. येथे सोंग घेणारा माणूस तेवढ्या रात्रीपुरता त्या देवाचे ओझे डोक्यावर वाहतो. बाया त्याच्या पाया पडतात आणि कडेवरच्या मुलांना त्याच्या पुढे करतात. एकाच शब्दाची एका बाजूला खोटेपणाची छटा आहे, दुसऱ्या बाजूला श्रद्धेची. कोशात दोन्ही अर्थ असावेत. पण त्या रात्री कोणता घ्यायचा, हे मुखवटा वाहणाऱ्याने ठरवायचे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी अनेकजण अशाच एखाद्या गावात राहत असाल, ज्याचे नाव बाहेरच्यांनी दुसऱ्याच अर्थाने वापरात आणले आहे. कोणाचे गाव दुष्काळाचे उदाहरण झाले असेल, कोणाचे दंगलीचे, कोणाचे देवस्थानाचे. बोलीचा प्रकल्प करताना आपण शब्द गोळा कराल, तेव्हा सांगणाऱ्याने तो कोणत्या क्रमाने सांगितला, कुठे थांबला आणि थांबून कोणाकडे पाहिले, हेही लिहा. ध्वनिफितीवर ‘व्यत्यय’ असा शेरा मारण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा. हे मी शिक्षिका म्हणून सांगत नाही. हा धडा मला एका विद्यार्थिनीने दिला, आणि तो प्रबंधाच्या पदवीनंतर तीन दशकांनी मिळाला.

जुनी वही मी त्या दिवशी त्यांच्याकडे ठेवून आले. महिन्याभराने ती टपालाने परत आली. वर्णानुक्रमाच्या यादीशेजारी त्यांनी निळ्या शाईने एक रकाना आखला होता आणि प्रत्येक भाजीपुढे महिना लिहिला होता : ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद. दोन ठिकाणी माझे शब्दलेखन दुरुस्त केले होते. माझ्या ‘प्रक्रिया रोचक’ या शब्दांखाली त्यांनी काही लिहिले नव्हते. फक्त एक रेघ ओढली होती. एका शब्दापुढचा रकाना मोकळा होता. ते नाव मी अर्धवट ऐकले होते, नेमके मुलाचा आवाज चढला त्या क्षणी, आणि प्रश्नचिन्ह घालून सोडून दिले होते. त्या मोकळ्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले होते : ‘आमच्या पाड्यावर कोणाला आठवत नाही. आईला विचारून कळवते.’

मी वाट पाहते आहे.